वन पॉइंट फोरवर काढलेले सदतीस जण

सदतीस माणसं तीन ओळींत बसवून झाली होती. मी कॅमेऱ्याला डोळा लावला, तेवढ्यात आमचे मालक वासुदेवभाऊ कानाशी आले आणि हळूच म्हणाले, "ताई, वन पॉइंट फोरवरच ठेवा बरं. नाहीतर एवढी लेन्स घेतली कशाले?"

"भाऊ, तीन ओळी आहेत. आठ नंबर लागते. मागची ओळ जाईल."

"काही नाही जात. तो व्हिडिओवाला काय म्हणे? फुल ओपन मारा अन् जादू पाहा."

मी बावीस वर्षांपासून भाऊंच्या स्टुडिओत फोटो काढते. भाऊ स्वतः काढत नाहीत. ते 'क्लायंट हँडलिंग' करतात, म्हणजे आम्ही घामाघूम होत असताना यजमानांसोबत चहा पितात. उरलेल्या वेळात मोबाइलवर लेन्सचे व्हिडिओ पाहतात. ही नवी लेन्स घ्यायच्या आधी महिनाभर त्यांनी दुसरं काही पाहिलं नसेल. ती आल्यावर तिला मखमली पिशवीत ठेवलं, पिशवी पेटीत, पेटी कपाटात. घरी बाळ आलं तेव्हाही भाऊ इतके हळवे झाले नव्हते, हे त्यांच्या बायकोनेच मला सांगितलं.

आता ही लेन्स काय आहे ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. वाइड म्हणजे कमी जागेतून जास्त माणसं मावतात. प्राइम म्हणजे झूम नाही. जवळचं हवं तर पायाने जवळ जा. आणि फास्ट म्हणजे काही पळत वगैरे नाही. तिच्या आतलं भोक मोठं उघडतं, भरपूर उजेड आत येतो, त्यामुळे अंधाऱ्या जागेतही फोटो झटक्यात निघतो. त्या भोकाला नंबर असतात, आणि नंबर उलटे चालतात. वन पॉइंट फोर म्हणजे सगळ्यात मोठं, आठ म्हणजे बारीक. पैसे लागतात ते या मोठ्या भोकाचे. पण भोक जितकं मोठं, तितकी शार्प येणारी पट्टी पातळ. पट्टीच्या आत जो बसला तो वाचला. मागचा गेला.

हे मला माहीत होतं. चांगलं बावीस वर्षांपासून माहीत होतं.

फोटो होता ते घर लकडगंजात, खाली कापडाचं दुकान आणि वर हॉल. घरातले थोरले आबाजी. वय अठ्ठ्याहत्तर. उमरेडला मागावर लुगडी विणण्यात अर्धं आयुष्य गेलं, मग नागपूरला येऊन दुकान टाकलं. आता हृदयाच्या तीन नळ्या बंद निघाल्या होत्या. धंतोलीच्या दवाखान्यात सोमवारचं बायपास ठरलं होतं, रविवारी चार वाजता भरती व्हायचं होतं. आणि आबाजी अडून बसले होते. त्यांची मुलगी लताताई आमच्याकडे फोटोचं सांगायला आली तेव्हा तिने त्यांचं वाक्य जसंच्या तसं ऐकवलं, "सगळे मले एका कागदावर दिसू द्या. मंग चिरा काय चिरायचं ते."

अडचण त्या 'सगळे' मध्ये होती. आबाजींचे दोन मुलगे. थोरला श्रीधर दुकान पाहतो. धाकटा मनोहर सहा वर्षांपूर्वी भांडून बाहेर पडला, बेसाला राहतो, विम्याच्या ऑफिसात आहे. सहा वर्षं दोघं भाऊ एकमेकांशी बोलले नव्हते. लताताईने हातापाया पडून मनोहरला त्या गुरुवारी आणलं. तो बायको आणि दोन मुलींना घेऊन आला, कोणाकडे न पाहता सरळ मागच्या ओळीत डाव्या टोकाला जाऊन उभा राहिला. पुढे ये म्हटलं तर म्हणे, "इथंच बरं हाय."

हॉल लहान होता. माझी पाठ भिंतीला टेकली होती, म्हणून वाइड लागणारच होती. पण आमच्या जुन्या झूमलाही तेवढा वाइड होताच. दोन फ्लॅश आणि ट्रायपॉड खाली गाडीत पडले होते. ते आणू म्हटलं तर भाऊ म्हणाले, "लाइट लावायचे तं फास्ट लेन्सचा फायदा काय? नॅचरल लाइट. आजकाल हेच चालू आहे." नॅचरल लाइट म्हणजे दोन ट्यूबलाइट आणि एक अर्धी उघडी खिडकी.

मी वन पॉइंट फोर ठेवला. आबाजींवर फोकस केला. आठ फ्रेम मारल्या. कॅमेऱ्यामागचा स्क्रीन काडेपेटीपेक्षा थोडा मोठा असतो, त्यात सगळेच गोड दिसतात. मोठं करून पाहायला हवं होतं. पण आतून वडाभाताचा वास आला, लोक उठले आणि मनोहर तर पानावरही न बसता बायकापोरींना घेऊन निघून गेला. भाऊ स्क्रीन पाहून म्हणाले, "पाहा, काय पॉप आहे." पॉप म्हणजे काय हे मी त्यांना आजवर विचारलेलं नाही.

दुपारी स्टुडिओत येऊन कॉम्प्युटरवर फोटो मोठा केला. आबाजींच्या कानावरचे केस मोजता येत होते. पहिली ओळ झकास. दुसरी चालवून घेण्यासारखी. तिसऱ्या ओळीतली तेरा माणसं मात्र चष्मा घरी विसरलेल्या माणसाला दिसतील तशी होती. टोकाला तर आणखी वाईट. या लेन्स फुल ओपन असल्या की कोपरे मऊ पडतात, आणि वाइडमध्ये कडेचा माणूस ताणून रुंद होतो. मनोहर आधीच अंगाने भरलेला. फोटोत तो मनोहर राहिला नव्हता, कपडे घातलेली गादी झाली होती. धूसर गादी.

मी भाऊंना बोलावलं.

ते स्क्रीनजवळ वाकले. मग म्हणाले, "याले डेप्थ म्हणतात, ताई. सिनेमॅटिक."

"भाऊ, चोवीस माणसं माणसं राहिली अन् तेरा सिनेमॅटिक झाली. हे घरी द्यायचं?"

"एवढं कोण पाहते?"

"तीन फुटी फ्रेम सांगतली त्यांनी. भिंतीवर लागणार आहे. मी फोन करते लताताईले. उद्या पुन्हा जाऊ, चूक झाली म्हणू."

"काहीही काय करून राहिले तुम्ही? नवी लेन्स घेतली अन् पहिल्याच मोठ्या कामात चूक झाली म्हणून सांगायचं? स्टुडिओची काही इज्जत आहे का नाही?" मग त्यांचा चेहरा उजळला. "एआय मारू."

आता हे एक नवीन खूळ आहे. धूसर चेहरा सॉफ्टवेअरला दिला की ते तो शार्प करून देतं. करतं ते असं की चेहरा कसा असावा याचा अंदाज बांधतं आणि नवीनच चेहरा बसवतं. त्याने तेराही जणांना टूथपेस्टच्या जाहिरातीतले दात दिले. मनोहरच्या बायकोला, वैशालीला, दुसऱ्याच कोणाचे डोळे आणि कोरलेल्या भुवया आल्या. तिची मोठी मुलगी वीस वर्षांनी मोठी दिसायला लागली. भाऊ म्हणाले, "पाहा, झालं की नाही काम?"

मी पुन्हा एकदा म्हटलं की देऊ नका. मग गप्प बसले. खरं सांगायचं तर इथेच माझा मला राग येतो. आपलं म्हणणं मांडलं की आपली जबाबदारी संपली, असं नोकरीत हळूहळू वाटायला लागतं.

शनिवारी सकाळी फ्रेम घेऊन आम्ही दोघं लकडगंजात गेलो. लताताईने लगेच मोबाइलवर फ्रेमचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. आबाजी खुर्चीत बसले होते. फ्रेम त्यांच्यासमोर दिवाणावर उभी केली. ते खूश झाले, आधी नुसतेच पाहत राहिले. मग त्यांनी बंडीच्या खिशातून एक घडीचं पितळी भिंग काढलं. विणकर हे भिंग कापडावर ठेवतात आणि इंचात किती धागे बसले ते मोजतात. माग सुटून चाळीस वर्षं झाली होती, भिंग काही सुटलं नव्हतं.

ते फ्रेमजवळ वाकले आणि डावीकडून उजवीकडे, ओळीने, एकेक चेहरा तपासायला लागले. लुगड्याचा काठ तपासावा तसे. पहिली ओळ झाली. दुसरी झाली. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे पाहिलं. तिसऱ्या ओळीत भिंग थांबलं.

"लते, हे कोन?"

"वैशाली आहे, आबाजी."

"हे वैशाली नोहे."

"आबाजी, वैशालीच आहे. हा पाहा बाजूले मनोहर."

"माही सून हाय ते. तिचे दात मले माहीत नाहीत का? अन् ही पोरगी कोनाची?" त्यांनी भिंग मिटलं. "सगळे नाहीत याच्यात. दवाखान्यात सांगून दे, सोमवारी येत नाही म्हना."

लताताई रडकुंडीला आली. डॉक्टरांनी तिला स्वच्छ सांगितलं होतं की आठवडासुद्धा ढकलू नका. त्याच वेळी तिचा फोन वाजला. मनोहर होता. ग्रुपवरचा फोटो त्याने पाहिला होता आणि त्याचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू येत होता. "मले माहीतच होतं. बोलावून नेलं अन् पुसून टाकलं. श्रीधरनंच सांगतलं असंन फोटोवाल्याले. आमची बाजू ठेवायची नव्हती तं बोलावलं काहून?" फोन आपटला गेला.

श्रीधर दारात उभा होता. त्याने ऐकलं आणि तो खाली दुकानात गेला.

वासुदेवभाऊ घसा साफ करून म्हणाले, "आबाजी, ते काय झालं, प्रिंटिंगवाल्याकडून जरा..."

मला काय झालं माहीत नाही. कदाचित लताताईचा चेहरा पाहून असेल. मी म्हटलं, "प्रिंटिंगवाल्याचं काही नाही, आबाजी. फोटोच चुकला. मी चुकवला."

"कसा?"

मी त्यांना भोकाचं आणि पट्टीचं सांगितलं. भाऊंना महिनाभर व्हिडिओ पाहून जे कळलं नव्हतं ते त्यांना दोन मिनिटांत कळलं.

"हे तुले आधी मालूम होतं?"

"होतं."

"मंग काहून काढला वं तसा?"

"भाऊ म्हणाले म्हणून."

त्यांनी भाऊंकडे पाहिलंसुद्धा नाही. "मी मागावर होतो तवा मालक मांगं उभा राहून म्हने, वीण विरळ ठेव, लुगडं लवकर उतरते. म्या नाही ठेवली. शिव्या खाल्ल्या. लुगडं माह्या हातचं होतं, त्याच्या हातचं नव्हतं." मग फ्रेमकडे बोट करत, "फोटो कोनाच्या हातचा हाय हा?"

मला लाज वाटली. बावीस वर्षांत नवरदेवाच्या मामांनी, मंगल कार्यालयाच्या मॅनेजरांनी काय काय ऐकवलं असेल, पण इतकी लाज कधी वाटली नव्हती. मी म्हटलं, "आबाजी, उद्या सकाळी आठला पुन्हा काढते. दोन वाजता फ्रेम तुमच्या हातात. सगळे येतील."

"मनोहर येईन?"

"मी आणते."

बाहेर पडल्यावर भाऊंनी गाडीत मोबाइलवर लेन्सचा व्हिडिओ लावला. मलाही तेच बरं वाटलं.

संध्याकाळी सहाच्या सुमारास मी लॅपटॉप घेऊन एकटीच बेसाला गेले. मनोहरने दार उघडलं, पण आत ये म्हटलं नाही. वैशालीने मागून म्हटलं, "यायले सांगा ताई, माहे दात कुठं गेले ते." तेवढ्यावर आत घेतलं मला.

मी मूळ फोटो उघडला, ज्यावर सॉफ्टवेअर मारलेलं नव्हतं. "मनोहरभाऊ, तुम्हाले कोणी पुसलं नाही. अख्खी मागची ओळ गेली आहे. हे पाहा."

"आम्हीच जास्त गेलो."

"टोकाला होते म्हणून. आता दुसरं टोक पाहा. हा कोण?"

तो वाकून पाहायला लागला. "हा... श्रीधरचा जावई का?"

"हो. नाक दिसते का त्याचं?"

"नाही दिसत." त्याने स्क्रीन आपल्याकडे ओढला. "अन् हा त्याचा व्याही? हा तर मुळीच नाही दिसून राहिला." सहा वर्षांचा राग त्याच्या चेहऱ्यावरून दोन बोटं खाली उतरला. थोरल्याच्या जावयालाही नाक नाही, यासारखा पुरावा मी कुठून आणणार होते? श्रीधरने फोटोवाल्याला सांगितलं असतं तर जावई आधी वाचला असता, हे मनोहरला सांगावं लागलं नाही.

"येतो उद्या," तो म्हणाला. "पण वैशाली पुढं बसंन."

रविवारी मी ट्रायपॉड आणि दोन्ही फ्लॅश घेऊन साडेसातलाच पोचले. भाऊ आले, पण कपाटातल्या पेटीसकट आले. मी कॅमेऱ्याला जुना झूम लावला. भाऊ म्हणाले, "अहो, निदान लेन्स तरी ही लावा. आठ नंबरवर बी चालते ना ही?"

"चालते. पण मग तिच्यात अन् याच्यात फरक काय राहिला?"

भाऊंनी पेटी मांडीवर घेतली. उत्तर असं आहे की आठ नंबरवर, फ्लॅश लावून, ट्रायपॉडवर, दोन्हींत फरक शोधायला आबाजींचं भिंगही पुरलं नसतं. पण त्या दिवशी मला ती लेन्स हातात धरायचीच नव्हती. माझा अडेलपणा म्हणा.

मग बसवाबसवी. तिन्ही ओळी एकमेकींना चिकटवल्या. मागच्यांना बाकावर चढवलं. आणि जाहीर केलं की जे अंगाने भरलेले आहेत त्यांनी मध्ये यायचं, कारण कडेचा माणूस रुंद येतो. हे जुन्या झूमलाही लागू आहे, खोटं काही बोलले नाही. सगळ्यांनी एकमेकांची पोटं पाहिली. आबाजींच्या पायाशी सतरंजीवर मधोमध दोन जागा होत्या आणि त्या घरात सगळ्यात भरलेले दोघंच होते. श्रीधर येऊन बसला. मनोहर उभाच.

"बसा, भाऊ," मी म्हटलं. "नाहीतर गुरुवारसारखी गादी होते."

वैशाली खुदकन हसली. मनोहर बसला. दोघांच्या मध्ये वीतभर जागा सोडून. मी म्हटलं, चिकटा. चिकटले. दोघंही समोर, माझ्याकडे, ओळखपत्रासाठी फोटो काढावा तसे पाहत होते.

पहिली फ्रेम मारली. फ्लॅश छताकडे वळवले होते, उजेड सगळीकडे सारखा पडला. दुसरी मारणार, तेवढ्यात श्रीधर मान न वळवता म्हणाला, "पोट आत घे गा."

सहा वर्षांनंतरचं पहिलं वाक्य.

मनोहर म्हणाला, "तुहं आधी घे. बटन तुटून राहिलं."

मागून कोणीतरी हसलं, मग सगळेच. आबाजी हसले नाहीत. त्यांनी दोन्ही हात खाली नेले आणि एकेका मुलाच्या डोक्यावर ठेवले. मी बटण दाबलं. मला पुढचं नीट दिसत नव्हतं, पण फोकस आधीच लॉक केलेला होता.

यावेळी शंभर टक्के मोठं करून तिथेच पाहिलं. सदतीसच्या सदतीस. श्रीधरच्या जावयाला नाक होतं. वैशालीला तिचे स्वतःचे दात होते, समोरचा एक जरा वाकडा.

पावणेदोनला फ्रेम आली. आबाजींनी भिंग उघडून तिन्ही ओळी फिरवल्या, वीस मिनिटं घेतली आणि भिंग मिटून लताताईला म्हणाले, "थैली भर माही." चार वाजता ते धंतोलीत भरती झाले. गाडी मनोहरने चालवली, शेजारी श्रीधर बसला होता, आणि रस्ता कुठून घ्यायचा यावरून दोघांचं पूर्ण वाटभर वाजलं, असं लताताईने सांगितलं. सोमवारी ऑपरेशन झालं. नवव्या दिवशी आबाजी घरी आले. दुकानातलं कापड तपासायला लागले आहेत आणि नोकरांना नको नको झालं आहे.

आता लोक मला विचारतात, ताई, फास्ट वाइड प्राइम घ्यावी का? घ्या. देवळाच्या गाभाऱ्यात, हळदीच्या अंधाऱ्या ओसरीवर, एकच चेहरा जवळ जाऊन काढायचा असेल तेव्हा तिच्यासारखी दुसरी नाही. मी स्वतः तिने छान फोटो काढले आहेत. फक्त मोठ्या भोकाचे पैसे मोजले म्हणून प्रत्येक वेळी ते उघडलंच पाहिजे असं वाटत असेल, तर तेच पैसे चांगल्या फ्लॅशवर घाला आणि उरले तर बायकोला साडी घ्या.

मागच्या आठवड्यात लताताईच्या परवानगीने भाऊंनी तो रविवारचा फोटो स्टुडिओच्या पेजवर टाकला. खाली लिहिलं, 'आमच्या नव्या लेन्सची कमाल. वन पॉइंट फोर. नॅचरल लाइट.' तासाभरात गावोगावच्या फोटोग्राफरांच्या कॉमेंट पडल्या. काय शार्पनेस, कोपरे पाहा, पैसा वसूल. एकाने लिहिलं की उद्याच बुक करतो.

मी खाली लिहिलं, "जुना झूम. आठ नंबर. दोन फ्लॅश, ट्रायपॉड. फोटो मी काढला आहे."

भाऊंनी दोन मिनिटांत ते उडवलं. मी परत लिहिलं.